हिरव्या पडलेल्या पिशव्या

सावेडी, अहिल्यानगर
१९ जानेवारी २०२५

प्रिय वहिनी,

सप्रेम जयभीम. बेलापुरात तुझ्या आईचा गुडघा आता कसा आहे? जामखेडला सगळे बरे. सम्राटदादा स्वतः भाकरी थापतो आणि झालेला नकाशा गुपचूप खातो.

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजमध्ये हे मावणार नाही, म्हणून पत्र.

माझी नोकरी तुला माहीत आहे. ट्रायकोडर्मा, म्हणजे बुरशी खाणारी बुरशी, आम्ही प्रयोगशाळेत वाढवतो. हिला ना डोळे ना नाक, पण शिकार बरोबर हुडकते. आधी आपला रस पुढे सोडते. समोर दुसरी बुरशी असली की त्या रसानं तिच्या सालीचे बारीक कण सुटतात. ते हिच्यापर्यंत पोचले की ही तिकडे वळते, तिला वेढे घालते, भोकं पाडते आणि आतून पिऊन टाकते. हरभऱ्याचा मर रोग रोखायला शेतकरी तिची पावडर नेतात.

जाऊ दे, किती वळसे घेऊ?

दिवाळीत आईच्या हरभऱ्यासाठी मी ती पावडर आणली. बाहेर वारा सुटला होता, म्हणून पुडा तुझ्या शेडात फोडला आणि तिथेच शेणखतात कालवला. शेजारी तुझ्या धिंगरी अळिंबीच्या ऐंशी पिशव्या टांगलेल्या. अळिंबी म्हणजे मशरूम, तीही शेवटी बुरशीच! मला कळायला नको होतं? एवढं शिकून शेण खाल्लं मी. आठ दिवसांत पिशव्या हिरव्या पडल्या.

ते हिरवं मी बघताक्षणी ओळखलं होतं, वहिनी. तरी बचत गटाच्या बायांपुढे म्हणाले, "वहिनीच्या हाताचा विटाळ झाला." प्रयोगशाळेत बशीत भलतंच काही उगवलं की आम्ही हसत हसत हाच शब्द वापरतो. आपल्या घरात मात्र तो कुणी उच्चारत नाही. ह्याच शब्दापायी आपल्या आज्याला पाणवठ्यावरून हाकललं होतं. आणि मी तो तुला चिकटवला, का, तर माझी ऐट जाऊ नये म्हणून. बायांनी तुझा माल घेणं सोडलं, तू माहेरी निघून गेलीस, आणि मी दोन महिने तोंड शिवून बसले. लई लाज वाटते गं.

काल जामखेडला गटाच्या बैठकीत सगळं सांगितलं. आई रडली. भामाबाई भडकल्या, "आमाला काय सांगती? जिला बोलली तिच्या तोंडावर सांग. माधुरीबिगर शेड चालायचं न्हाई."

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं येते. परत चल असं म्हणायचा मला हक्क नाही, ते तू ठरव. दार उघडलं नाहीस तर हाका मारणार नाही. उंबऱ्याबाहेर बसून राहीन आणि पाणीही मागणार नाही.

तुझी अपराधी नणंद,
प्रज्ञा