दुसरा भोवरा

प्रिय धाकटे,

वाचून हसशील, तुझी आई तेलरंग शिकतेय! वर्गातल्या मास्तरांनी जुन्या पुस्तकातलं एक चित्र उतरवायला दिलंय. स्टुलावर पाठमोरी बसलेली बाई, केस वर बांधलेले, मान उघडी. चेहऱ्यांची चित्रंही होती, पण मी हेच मागून घेतलं. चित्रावर आणि कॅनव्हासवर सारख्या चौकटी आखायच्या, मग एकेक चौकट उतरवत जायची. सोपं वाटतं ना? माझी पहिली बाई म्हणजे स्टुलावर ठेवलेलं पोतं! टर्पेंटाइनच्या वासाने तुझ्या बाबांचं डोकं उठतं, म्हणून माझी रवानगी गॅलरीत झालीय. ते कुरकुरतात ते बरं वाटतं गं. नाहीतर हल्ली या घरात कोणी काही बोलतच नाही.

आता पाठ जमली, खांदे जमले. घोडं अडलं ते मानेशी. मूळ चित्रात केस सरळ वर गेलेत, माझ्या बाईचे मात्र डावीकडे वळतात. मास्तर वैतागले. दिसतं ते काढा, आठवतं ते नको, म्हणाले. मी सुरीने रंग खरवडला, पुन्हा काढलं, पुन्हा तेच. मग एकदम लक्षात आलं. तो ताईचा भोवरा आहे. डोक्यावरचा एक होताच, हा मानेवरचा दुसरा, ज्याच्यापायी तिची वेणी कधी सरळ बसली नाही. शाळेच्या घाईत मी तिच्यावर करवादायचे, आणि तू फणी घेऊन आपला नंबर कधी लागतो म्हणून मागे उभी.

ब्रश टाकून तिथेच रडले. भोवरा हाताला पाठ आहे, पण ताईचा चेहरा आता डोळे मिटून दिसत नाही. दिसतो तो फोटोतला. ती गेली तेव्हा वाटलं होतं, निदान एवढं तरी माझ्यापाशी राहील.

पत्र लिहायला बसले ते मात्र तुझ्यासाठी. ताई गेल्यापासून तू घरी आली नाहीस. तिची रिकामी खाट तुला बघवत नाही, कळतं मला. फोनवरच्या आवाजावर भागवत होते. पण परवा दुपारी पडल्या पडल्या तुझा चेहरा आठवायला गेले, तर तुझीही पाठच दिसली, बॅग घेऊन जिना उतरणारी. फार घाबरले गं. दोन दिवस तरी ये. गॅलरीत स्टूल मांडलंय. माझ्याकडे तोंड करून बस. तुला मला बघून काढायचंय, आठवून नाही.

तुझीच,
आई