एका गुणाने नापास झालेला जिल्हा

ती. वन्संना साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा मनातल्या मनात).

तुमचा खोकला आणि भावोजींची कंबर काय म्हणतेय? आम्ही दोघं धडधाकट आहोत, फक्त मी पार थकलेय. त्याला कारण तुमचे बंधू.

गेल्या वर्षीचा पूर आठवतोय ना? तीन दिवस वीज नव्हती, फ्रिजमधलं माझं इन्सुलिन खराब झालं आणि हे कमरेएवढ्या पाण्यातून औषधाचं दुकान शोधत हिंडले. तेव्हापासून यांनी शहर सोडायचं डोक्यात घेतलंय. पुढच्या संकटात कुणावर अवलंबून राहायचं नाही म्हणे. स्वतःची विहीर, स्वतःचं धान्य, स्वतःची वीज. जन्मभर शाळेत पेपर तपासले, आता जिल्हे तपासतात. शंभर गुणांची प्रश्नपत्रिका केलीय, लाल पेन तेच. पास व्हायला पस्तीस. (संकटात तगायला पस्तीस टक्के पुरतील का, असं मी विचारलं, तर ‘नियम आहे’ म्हणाले.) मला हे घर सोडायचं नाही, वन्सं. शेजारीण भिंतीवर थाप मारली की येते. पण माझं मत प्रश्नपत्रिकेत नाही.

रविवारी शेजारच्या जिल्ह्याची परीक्षा झाली. यांनी विहिरीत दगड टाकून खोली मोजली, माती हुंगली, नदी किती लांब आहे ते विचारत चार गावं पालथी घातली. मी गाडीत डबा सांभाळत बसले होते. शेवटी एका माळावर पोचलो. आसपास चिटपाखरू नाही. यांनी खूश होऊन ‘निर्जनपणा’ला दहापैकी दहा दिले आणि गाडी वळवताना मागचं चाक चिखलात घातलं. मग निर्जनपणाचा पुरेपूर अनुभव घेतला, चार तास. (डबा दुसऱ्याच तासाला संपला.) अखेर एक दूधवाला ट्रॅक्टर घेऊन आला. इथे राहायला येतोय म्हटल्यावर तो म्हणाला, “इथं? अहो, आम्हीच कंटाळून खाली राहायला गेलो!” त्याने गाडी काढून दिली, वर दूधही पाजलं. हे गाडीत बसले आणि माणूस सापडला म्हणून निर्जनपणाचे दोन गुण कापले! मी कपाळाला हात लावला.

निकाल चौतीस. एक गुण वाढवून द्यायला हे तयार नाहीत. मला तर हायसं वाटलं.

थोरल्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि भावोजींना वजन उचलू नका म्हणावं.

तुमची थकलेली,
वहिनी

ता. क. : आज चष्मा शोधताना यांच्या खिशात ती प्रश्नपत्रिका सापडली. शेवटचा प्रश्न असा : ‘वीज गेल्यावर हिचं इन्सुलिन कुठे राहील?’ अनिवार्य, गुण पन्नास. त्यापुढे लाल शून्य, दोनदा गिरवलेलं. मला रडूच आलं.

ता. क. दुसरा : येत्या शनिवारी तुमच्या जिल्ह्याची पाळी आहे. तुमचं घर उंचावर आहे आणि भावोजींनी जनरेटर बसवलाय. फ्रिजचा एक कप्पा रिकामा करून ठेवा आणि बोलता बोलता यांना दाखवा. आम्ही कायमचे येत नाही, घाबरू नका. पाणी चढलं तर चार दिवस येऊ. फक्त आम्ही तुमच्यावर अवलंबून आहोत, हे यांना कळू देऊ नका.