शेवंतीचा पाट

तीर्थस्वरूप दादा यांस,

साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. पत्र टपालात टाकणार नाही; तुम्हाला समजावत बसण्याची माझी इच्छा उरलेली नाही.

परवा तुम्ही मोठ्या डॉक्टरी ऐटीत माझ्या शेवंतीला तपासायला खोताच्या वाडीत आलात. कानाशी घड्याळ धरलेत, डोळ्यांपुढे दिवा नाचवलात, लुळा पाय मुडपून पाहिलात. मग यांना म्हणालात, "बहिरी, आंधळी, पांगळी. हिला काही कळत नाही. गावी आत्याकडे टाका, पोटाला मिळालं की झालं."

ती दिवसभर दाराशी लाकडी जमिनीवर तळहात टेकून बसते. फळीतून पाऊल ओळखते आणि येणाऱ्यासाठी पाट पुढे सरकवते, तिच्या वडिलांना मोठा, मला ठेंगणा. तुम्हालाही तिनेच पाट दिला होता. तुम्ही त्यावर पाय ठेवून बुटांचे बंद सोडलेत.

गावची जमीन शेणाने सारवलेली. तिथे तिच्या हाताला कोण कळणार? पण हे तुमच्या विद्येत कुठले बसायला.

काल तुम्ही विसरलेली छत्री न्यायला आलात. हे आत्याबाईंना पत्र लिहीत होते. तुम्ही जिन्यात असतानाच शेवंतीने पाट मागे ओढला आणि त्यावर स्वतः बसली. यांनी ते पाहिले आणि लेखणी खाली ठेवली.

तुम्ही उभ्याउभ्याच गेलात. खाली शेजारणीला म्हणालात म्हणे, "सोनूच्या घरी पाहुण्याला पाटसुद्धा देत नाहीत."

शेवंतीची आई,
सोनू