एका हाताचा एडिटर

३ मार्च
ठरलं. कोड लिहायचा एडिटर मीच बनवणार — बाबांसाठी, एका हाताने चालणारा! बाकी सगळ्यांत दोन-तीन बटणं एकदम दाबावी लागतात, आणि पक्षाघातानंतर बाबांचा उजवा हात नुसता मांडीवर पडून असतो. डॉक्टर म्हणतात, हलवा, हलेल. बाबा ऐकतील तर शपथ. निवृत्तीनंतरही रोज काहीतरी प्रोग्रॅम लिहीत बसणारा माणूस — आता कीबोर्डवर टॉवेल टाकून ठेवलाय.

५ मार्च
भाषा कुठली घ्यायची, इथेच घोडं अडलं. ऑफिसातला दाढीवाला म्हणतो, "जावास्क्रिप्ट घे, एडिटरच्या आत आयता ब्राउझरच बसव, आठवड्यात मोकळी होशील." करून पाहिलं. बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो उघडेपर्यंत आईचा चहा उकळून झाला. बाद.

मला मनातून रस्ट ही नवी भाषा हवी. मेमरीच्या चुका ती प्रोग्रॅम चालवायच्या आधीच पकडते. पण बाबांची सगळी नोकरी सी भाषेत गेली. सी घेतली तर ते डोकावतील, नाक खुपसतील. खुपसू देत की! सीच.

११ मार्च
सीने रडवलं. मोठी फाइल उघडली की एडिटर धाडकन बंद. बाबा मागेच उभे होते. चूक त्यांना दिसली असणार, पण ते वळून टीव्ही लावायला गेले.

१२ मार्च
आज बाबांनी विचारलंच. "तुला ही भाषा आवडते?" म्हटलं, हो. "खोटं बोलताना लहानपणापासून कान खाजवतेस. माझ्यासाठी घेतलीस ना? मला सांभाळून घेणारे घरात पुष्कळ आहेत." आणि तरातरा आत गेले. मी रडवेली. थोड्या वेळाने दारातूनच — "ती तुझी नवी भाषा घे, फोनवर जिचं कौतुक करत असतेस ती. आणि मला शिकव."

काय करावं या माणसाचं! फार फार आवडतात मला.

२० मार्च
टॉवेल निघाला! सगळं रस्टमध्ये पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी बाबांची शिकवणी. डाव्या हाताने एकेक अक्षर शोधत लिहितात आणि रस्ट त्यांची प्रत्येक ओळ अडवते. म्हणाले, "ही अगदी तुझ्या आईसारखी. घराबाहेर पडायच्या आधीच सगळी चौकशी." आई स्वयंपाकघरातून, "तरी किल्ली विसरताच."

२३ मार्च
रस्टने पुन्हा तीच ओळ अडवली. बाबा भडकले. "अगं बाई, चालव की एकदाची!" म्हणत त्यांनी एंटर हाणलं.

उजव्या हाताने. त्यांना कळलंसुद्धा नाही. आई आणि मी स्क्रीनकडेच बघत राहिलो.