बेहड्यापासून उजवीकडे

२ नोव्हेंबर, रविवार
आले एकदाची कुसगावात! दोन खोल्या, समोर डोंगर आणि घरबसल्या मुद्रितं तपासायचं काम. पुण्यातल्या मैत्रिणी म्हणतात, आठ दिवसांत कंटाळशील. जळतात मेल्या. वरच्या वाडीतल्या शकुबाई आपणहून डोकावल्या, रानातलं पाण्याचं टाकं दाखवते म्हणाल्या.

४ नोव्हेंबर
टाकं पाहिलं. कातळात कोरलेलं, पाणी थंडगार. वाटेत बेहड्याच्या झाडाशी फाटा फुटतो. उजवीकडे टाकं. डावीकडची वाट गवतातून थेट कड्यावर, आणि कडा पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. शकुबाई म्हणाल्या, "हितली वाट नुसती तोंडानं सांगायची न्हाई. सांगणाऱ्यानं फाट्यापतूर संगं यायाचं. न्हाईतर ती सांगणाऱ्यालाच फिरवती." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

५ नोव्हेंबर
भटकंतीच्या एका फोरमवर चिंचवडच्या करिष्माने याच टाक्याची वाट विचारली होती. रविवारी अकराजणी येणार आहेत. मी सभासद झाले आणि सविस्तर पोस्ट लिहिली. पण तो फोरम म्हणजे डोक्याला ताप! आठ टप्पे एकाखाली एक लिहिले, तर सगळे एकाच ओळीत कोंबले जातात. 'उजवीकडे' बोल्ड करायला गेले, तर शब्दाभोवती नुसत्या * अशा चांदण्या. दोन तास झगडले आणि शेवटी चांदण्यांसकट सोडून दिलं. करिष्माने लगेच आभार मानले.

६ नोव्हेंबर
सहज पोस्ट उघडली. पाचव्या टप्प्यात लिहिलंय, बेहड्यापासून डावीकडे.
मी असं लिहिलेलं नाही. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरते मी, असली चूक करीन? एडिट करायला गेले, तर अर्ध्या तासानंतर बदल करता येत नाही म्हणे. खाली नवा प्रतिसाद टाकला, तो 'मंजुरीच्या प्रतीक्षेत'. करिष्माला खासगी निरोप पाठवावा, तर नव्या सभासदाला ती सोय नाही. व्यवस्थापकांना कळवलं. तीन दिवसांत उत्तर देऊ, असं आपोआप उत्तर आलं. तीन दिवसांनी रविवारच आहे.

७ नोव्हेंबर
सकाळी एडिटचं बटण परत दिसलं. जीव भांड्यात पडला. 'उजवीकडे' केलं, सेव्ह केलं, पान पुन्हा उघडलं. डावीकडे. सात वेळा केलं. आता चांदण्या गेल्यात. अख्ख्या पोस्टमध्ये तेवढा एकच शब्द बोल्ड आहे. खाली नोंद: शेवटचा बदल, समीक्षा. म्हणजे मीच. मला भीती वाटते आहे.

८ नोव्हेंबर
प्रतिसाद अजून मंजूर नाही. शकुबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला विळा खाली ठेवला. "सांगितलं तुमी, आता उभं बी तुमीच राह्यचं," एवढंच म्हणाल्या. उद्या उजाडताच जाते. वही बरोबर नेते, पाटी लिहायला.

९ नोव्हेंबर, बेहड्याखाली
मोठ्या अक्षरात लिहिलं — डावीकडे. पान फाडलं. दुसरं पान — डावीकडे. दुसरा शब्द हातातून उतरतच नाही. मोठ्याने म्हणून पाहिलं — तोंडातूनही तेच —

त्या अकराजणींचं हसणं ऐकू येतंय. बोलायचं नाही. हाताने दाखवायचं. लिहिते त्याच हाताने —

थांबत नाही. हात थांबत नाही, लिहितोच आहे — आल्या — पुढची करिष्माच असणार, वाट विचारतेय — पेन सुटत नाही — मी मान हलवतेय, नको, नको —

हसून वळल्या सगळ्या — मी दाखवलं तिकडे — वर गेलाय तो दुसराच हात, माझा डा