हायोलिथ आणि दहावी दुरुस्ती

भंडारा,
१६ एप्रिल २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव, इथून पाठवीन. ऊन फार तापलंय. कुलरमध्ये दिवसातून दोनदा पाणी भरावं लागतं. कॉलेजच्या परीक्षा संपल्या, तेवढाच आराम.

रुचिताच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ वाचून झालं. सीताबाई उद्या कोंढ्याला येतात, त्यांच्या हाती या पत्रासोबत पाठवतेय. परवा, शुक्रवारी छापायला जाणार आहे, तेव्हा तूही नीट बघून घे. नऊ दुरुस्त्या लाल पेनानं केल्यात. विहाराचा पत्ता अर्धाच होता, सकाळच्या लग्नाची वेळ संध्याकाळची झाली होती.

'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'च्या खाली आपल्या धाकट्याच्या गोलूचं नाव पाहून हसले. तीन वर्षांचं पोरगं, अजून चड्डी ओली करतं, पण गावाला आमंत्रण देतं. कालकथित चंदावहिनीचंही नाव तिच्या जागेवर आहे. बरं केलंस.

रुचिताचं सामान बांधताना हायोलिथ हाती आला. तुला आठवणार नाही. शंकूसारखा शिंपला, तोंडावर झाकण, दोन्ही बाजूंना वाकडे हात. पन्नास कोटी वर्षांपूर्वी असले प्राणी समुद्रात होते. आमच्याकडे आहे तो नुसता प्लास्टरचा ठसा. चंदावहिनी गेल्यावर चार वर्षांच्या रुचिताला तू शाळेसाठी माझ्याकडे ठेवलंस, तेव्हा शाळा सुटली की ती माझ्या प्रयोगशाळेत येऊन बसायची आणि त्याच्याशी खेळायची. हा कोणाचा, असं विचारायची. मला सांगता यायचं नाही. आधी त्याला गोगलगायींच्या कुळात घातलं होतं, मग कोणी त्याचा वेगळा कप्पा केला. आठ वर्षांपूर्वी कोणाला त्याच्या तोंडाशी तंतू दिसले, म्हणून तिसऱ्याच कुळात नेला, आणि पुढे तिथूनही काढायला निघाले. दरवेळी मी त्याची चिठ्ठी बदलायची.

"कोणाचाच नाही तर आपल्या घरी ठेवू ना त्याले," ती म्हणाली होती. वीस वर्षं तो आमच्या खिडकीत आहे.

गेल्या आठवड्यात फोनवर तू म्हणालास, "बाई, साऱ्या बहिणी-जावई जोडीनं छापले. तुले एकटीले कोणत्या रांगेत टाकू?" मी म्हटलं, जमेल तसं कर. बपेऱ्याच्या सासरहून निघून आले त्याला बावीस वर्षं झाली. सोडचिठ्ठी घेऊ नको, कधीतरी नेतील, असं तूच म्हणाला होतास. म्हणून तिकडच्या आडनावानं छापता येत नाही आणि आपल्या आडनावानं छापलं तर लोक विचारतात. एवढं मला कळतं.

प्रूफ रुचिताच घेऊन आली होती. मी चहा ठेवला. नावांवरून बोट फिरवत शेवटपर्यंत आले आणि परत वर गेले. ती कपाकडे बघत म्हणाली, "आत्या, बाबाले काही म्हणू नको. त्यायनं शेवटी टाकलं होतं तुह्यं नाव. मीच काढाले लावलं. तिकडचे विचारून राहिले ना, आत्याचे मिस्टर कुठी हायेत."

मी तिला विचारलं, साखर कमी तर नाही ना?

जाताना ती हायोलिथ टेबलावरच ठेवून गेली. तिकडे कुठं ठेवू, म्हणाली.

राग नाही हे सांगायला लिहितेय, असं समजू नकोस. राग आहे, आणि तुझ्यावरच आहे. ती चोवीस वर्षांची आहे, घाबरली. तू साठीला आलास. तिचा ताप, तिच्या वह्या, तिची पहिली पाळी कोणी पाहिली हे तुला तिला सांगता आलं असतं. तू नाव खोडलंस.

हायोलिथ संपला, म्हणून त्याच्या जागेचा वाद लोक सावकाश घालू शकतात. मी अजून आहे, दादा. बुद्धपौर्णिमेला मांडवात पहिल्या रांगेत बसणार आहे. ही कोण, असं तिकडच्यांनी विचारलं तर उत्तर तुला द्यायचं आहे.

दहावी दुरुस्ती मी केली नाही. तुझ्या नावाखाली बोटभर जागा कोरी आहे. लाल पेन पाकिटात ठेवलंय.

तुझी सख्खी बहीण,
मंगला