मनगटावरचे सहा आकडे

दि. ३ मार्च

चि. बयोस, अनेक आशीर्वाद.

सकाळपासून कानात एकच आवाज आहे. शाळेत मास्तर टेबलावर पट्टी आपटून कवितेची चाल धरायचे, तो. टक्, टक-टक्, टक्. एका खोलीत चार इयत्ता, सगळी पोरं एका सुरात, आणि तू नेमकी अर्धी मात्रा मागे! तेव्हा कविता अंगात भिनायची. आता पोरं अंगावर काय काय लिहून घेतात!

काल जेवताना भिंगरीची बाही वर सरकली आणि मी हातातला घास ताटात परत ठेवला. माझी नात, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी, हाताने इतकी नेटकी. आणि मनगटाच्या आतल्या बाजूला सहा आकडे गोंदलेले! फूल नाही, पाखरू नाही. कापडाच्या ठाणावर शिक्का मारावा तसे आकडे. ते काय आहेत हे चष्मा लावून पाहिलंसुद्धा नाही, हातच झिडकारला. म्हणाली, आजोबा, हल्ली सगळेच गोंदवून घेतात. मी विचारलं, उद्या सगळ्यांनी शिंगं लावली तर तूही लावशील का? ताट तसंच टाकून उठली. तेव्हापासून अबोला आहे.

शहराचं काय सांगू! दुकानं चारलाच शटर ओढतात. कुठे स्फोट झाला की सरकार आधी मोबाइल बंद करतं. आणि या पोरांना नटण्यामुरडण्याचं सुचतं.

बरं, घरचा फोन मी परत करून टाकला. तुझ्याशिवाय कोणी करायचं नाही, आणि तुझं पत्रच मला जास्त गोड. भिंगरीला अजून पत्ताही नाही. कोपऱ्यातल्या रिकाम्या तिवईकडे ती मान वर करून बघेल तर ना!

गुडघ्यांना तेल लावत जा, आणि या म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा

दि. ६ मार्च

ती. दादास, शि. सा. न.

तुझं पत्र वाचून आधी खूप हसले. सदऱ्याच्या बाह्यांवर जांभळ्या शाईने कविता लिहून कॉलेजात कोण मिरवायचं रे? आईने साबणाच्या वड्या झिजवल्या, आणि बाबांनी तुला आठ दिवस एकाच सदऱ्यावर फिरवलं. आता नातीला शिंगं दाखवतोस!

मग पत्र पुन्हा वाचलं आणि तशीच उत्तर लिहायला बसले. दादा, मी तीस वर्षं वॉर्डात काढली. गर्दीत काही झालं की माणसं येतात ती पाकीट हरवलेली, मोबाइलचा चुरा झालेली, बोलता न येणारी. नाव कोण सांगणार? शेजारची मुलगी तुमच्याच शहरात नर्स आहे. ती परवा सांगत होती की, तिथली तरुण पोरं हल्ली घरचा नंबर मनगटावर गोंदवून घेतात. मोबाइल बंद झाले तरी लागेल असा. घरात कोणीतरी हमखास उचलेल असा.

सहा आकडे, दादा. तुझ्या घरच्या फोनचेही सहाच होते. आणि तो तू परत करून बसलास!

पत्र मिळताच असशील तसा कचेरीत जा आणि तो नंबर परत आण. आणि पोरीला जवळ घे. रागावून लिहिलं असलं तरी पायांवर डोकं ठेवूनच लिहिते आहे.
तुझी बयो

दि. ९ मार्च

चि. बयोस,

आशीर्वाद कोणत्या तोंडाने लिहू?

तुझं पत्र काल दुपारी आलं. भिंगरी कामावर होती. तसाच कचेरीत धावलो. खिडकीतला कारकून म्हणाला, तो नंबर सोमवारीच दुसऱ्या कोणाला दिला. कोणाला, ते सांगायचा नियम नाही. मी हात जोडले. मागचा माणूस म्हणाला, आजोबा, सरका की आता. सरकलो, आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. स्फोटाचा आवाज मागून आला. कोणीतरी गल्लीचं नाव घेतलं. चष्म्याच्या दुकानाची गल्ली.

ती घरी आलेली नाही, बयो. मोबाइल बंद आहेत. मी दोन रुग्णालयं पालथी घातली. तिसऱ्याच्या रस्त्यावर पोलिसांनी दोर लावून मला मागे धाडलं. दुसऱ्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात पोरं ओळीने निजवली होती, प्रत्येकाची बाही वर केलेली. एक नर्स वाकून मनगटं वाचत होती, दुसरी टेबलाशी बसून फोन लावत होती. कुठे ना कुठे कोणीतरी उचलत होतं. माझ्या पोरीच्या मनगटावर मीच होतो, आणि मी घरात नव्हतो.

आता रस्ता उघडायची वाट बघतो आहे. हात स्वस्थ राहत नाहीत, म्हणून तुला

दार वाजलं.

बयो, दारात एक अनोळखी बाई उभी आहे. पदराला दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. शिवणकाम करते. दुकानासाठी सोमवारी नवा फोन घेतला, म्हणते. काल संध्याकाळी त्यावर रुग्णालयातून निरोप आला की, तुमची मुलगी इथे आहे. हिला तर मूलबाळच नाही. ‘चुकीचा नंबर’ म्हणून ठेवून दिला असता तर कोण विचारणार होतं? पण हिने जुनी डिरेक्टरी शोधून पानन् पान चाळलं, आणि त्या नंबरासमोर माझं नाव आणि पत्ता सापडला. पहाटे मागच्या बोळातून आधी तिसऱ्या रुग्णालयात जाऊन आली, मग इकडे.

भिंगरी जिवंत आहे. पाय मोडला आहे, पण शुद्धीवर आहे. सारखी विचारते आहे की, आजोबा तर पहिल्या घंटीलाच उचलतात, मग काल का नाही उचलला?

बाई म्हणते, मी तिला काही सांगितलं नाही. ते तुम्हीच सांगा.
दादा